पेटीतली काशी

काशीहून आलेल्या माणसाच्या पाया पडताना कुणी वय बघत नाही आणि जुनी भांडणंही उकरून काढत नाही. त्यामुळे मावंद्याच्या दिवशी सकाळपासून सोजराबाईच्या पायाशी जी डोकी वाकत होती, त्यांत तिच्याहून थोरली होती, टक्कल पडलेली होती, आणि जन्मभर तिला पांढऱ्या पायाची म्हणत आलेल्या दोन बायकांचीही होती. सोजराबाईनं सगळ्यांना सारखाच आशीर्वाद दिला. त्या दोघींना जरा जास्त वेळ वाकून राहू दिलं, एवढंच.

लग्न झालं त्याच वर्षी कपाळ पुसून ती रहाटणीला भावाच्या घरी परत आली होती. तेव्हापासून सोपानरावांच्या घरातली जनावरं, चूल, सुनांची बाळंतपणं आणि शेजारपाजारची भांडणं तिनंच सांभाळली. गावातल्या हळदीकुंकवाचं तिला बोलावणं नसे. बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावायचा नसे. यात्रा सुफळ झाली म्हणून गंगेची पूजा करून गावाला जेवू घालायचं, असं हे मावंदं. आणि ज्यात मधोमध ती बसली आहे असा तिच्या आयुष्यातला हा पहिलाच समारंभ. तिला तो फार आवडत होता, आणि आवडतोय हे लपवायला ती काही साध्वी नव्हती.

पूजा भाच्यानं आणि त्याच्या बायकोनं केली. यशवंत आणि विमल पाटावर बसली, गंगेचे गडू मांडले, फुलं वाहिली. सगळं यथासांग झालं. खुपत होती ती एकच गोष्ट. आतल्या खोलीत विमलच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये एक फोटो होता. काशीच्या गंगेत उभी राहिलेली सोजराबाई दुपारी सगळ्या गावाला दिसणार होती, आणि तो फोटो काशीचा नव्हता.

झालं होतं ते असं. यशवंत देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून. तिथं त्याला उद्धवरावांचा नाद लागला आणि उद्धवरावांमुळे कॅमेऱ्याचा. उद्धवराव मूळचे नळदुर्गकडचे, डेपोतच हिशेबनीस. त्यांच्या खोलीवर रविवारी डेपोतले चार हौशी जमत. कुणी कार्ल्याच्या लेण्यांचे फोटो आणी, कुणी सासुरवाडीच्या जत्रेचे. प्रत्येकजण स्वतःचे दाखवायला अधीर आणि दुसऱ्याचे बघायला नाइलाजानं तयार. यशवंतचा जीव मात्र रेल्वेच्या इंजिनांवर. काशीच्या वाटेवर इटारसीला गाडी सुटायची वेळ झाली तरी तो इंजिनापुढं गुडघ्यावर बसलेला होता, आणि आत्यानं खिडकीतून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या तेव्हा कुठं तो डब्यात चढला.

काशीत मात्र त्यानं एक अख्खा रोल आत्यावर घालवला. गंगेत उभी, नावेत बसलेली, घाटाच्या पायरीवर, एका आडदांड बैलापाशी. घरी आल्यावर कॅमेरा कोनाड्यात ठेवून तो म्हणाला, "आत्या, ह्या पेटीला हात लावू नगं. हिच्यात अख्खी काशी हाय. गंगामाई हाय."

आता असं सोजराबाईला सांगावं का? गंगामाई घरात येऊन कोनाड्यात बसली आहे आणि तिला ना पाणी, ना फूल! दुसऱ्या दिवशी यशवंत कामावर गेल्यावर तिनं अंघोळ केली, पेटी तुळशीपाशी आणून पाटावर ठेवली आणि मागची कडी उघडली. आत तांबड्या कागदाची गुंडाळी होती. वरवर पूजा करून भागणार नाही, सगळ्या फोटोंना पोचली पाहिजे, म्हणून तिनं ती गुंडाळी लख्ख उन्हात टोकापर्यंत उलगडली, या कडेपासून त्या कडेपर्यंत हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, नमस्कार केला आणि होती तशी गुंडाळून परत आत ठेवली. मन कसं भरून आलं होतं तिचं.

उद्धवरावांनी मोरीत तांबडा दिवा लावून रोल धुतला, तर काळीकुट्ट पट्टी निघाली. ती घेऊन ते स्वतःच रहाटणीला आले.

"हा रोल उन्हात कुणी उघडला ओ?"

"म्या उघडला," सोजराबाई म्हणाली. "हळदकुंकू वाह्यलं. का? गंगामाईला चालत न्हाई?"

यशवंतनं ओरडायला तोंड उघडलं होतं. आत्याचं तोंड बघून त्यानं ते मिटलं. "चालतं आत्या. गंगामाईला चालतं. फोटूला चालत न्हाई."

"म्हंजी, मी गंगंत हुबी हाय त्यो?"

"गेला."

"नावंतला?"

"त्यो बी गेला."

"बैलापाशी व्हते, मी भ्याले व्हते, त्यो?"

"आत्या, समदी काशी गेली."

सोजराबाई ती काळी पट्टी उजेडात धरून स्वतःला शोधू लागली. फोटोची तिला हौस नव्हती असं नाही, पण खरं कारण भिंतीपलीकडं राहत होतं. चुलतभाऊ नानासाहेब आणि त्यांची बायको अंबूबाई. अंबूबाई या गावात सून म्हणून आली आणि सोजराबाई विधवा होऊन परत आली ते एकाच वर्षी, आणि तेव्हापासून दोघींचं भांडण आजतागायत मिटलेलं नव्हतं. चारचौघांत अंबूबाई तिला वन्सं म्हणायची, भांडणात सोजरे. काशीला निघताना अंबूबाई सगळ्या आळीसमोर म्हणाली होती, "काशीला? आळंदीच्या म्होरली वाट ठावं न्हाई हिला. पुन्यात भाचीकडं ऱ्हाऊन यील आन् आमाला गंगा सांगंल!" आणि सोजराबाईनं गाडीत बसता बसता उत्तर दिलं होतं, "फोटू आनते. डोळं फाडून बघ."

आता दाखवायला उरला होता दुसरा रोल. त्यात इंजिनं होती. एका इंजिनाशेजारी सोजराबाईचं कोपर आणि तिचं गाठोडं आलं होतं, पण त्या कोपरावर काशी सिद्ध होण्यासारखी नव्हती.

"एक सुचतंय बघा," उद्धवराव म्हणाले. "घाट घाटासारखा, पाणी पाण्यासारखं. चिंचवडच्या घाटावर एक काढू की."

"खोटा?" सोजराबाई म्हणाली.

"तुम्ही काशीला गेलता का न्हाई?"

"गेलते की."

"मग खोटा कसा होतोय ओ? उशिरा काढलेला म्हणा."

हे सोजराबाईला पटलं. तरी मन खात होतं, म्हणून चिंचवडला जाताना तिनं गंगेचा एक छोटा गडू बरोबर घेतला आणि पवनेत उतरल्यावर तो स्वतःच्या पायांभोवती ओतला. "आता झाली गंगा," ती म्हणाली. तिनं हात जोडले, डोळे मिटले, आणि खरोखरच तिला ते मोठं पाणी दिसलं, ती गर्दी, ती घंटा. तेवढ्यात बाजूनं एक म्हैस पाण्यात शिरली. यशवंत तिला हाकायला निघाला तर उद्धवरावांनी त्याला धरलं. "ऱ्हाऊ द्या ओ. काशीत काय म्हशी नसतेत?" यशवंतला काशीत म्हैस पाहिल्याचं आठवत नव्हतं, पण नसल्याचंही आठवत नव्हतं. त्यानं खटका दाबला.

मावंद्याच्या पंगती उठल्या. पुरणपोळ्यांनी जड झालेली मंडळी ओसरीवर टेकली, बायका माजघराच्या दारात बसल्या, पानसुपारीचं तबक फिरू लागलं आणि उद्धवरावांनी आपली पिशवी सोडली. आधी त्यांनी नळदुर्गचा किल्ला सगळ्या बाजूंनी दाखवला. मंडळींनी जेवणाला जागून तो पाहिला. मग यशवंतनं आपले काढले.

"ह्ये काय?" नानासाहेबांनी विचारलं.

"इटारसीचं विंजन."

"आन् ह्ये?"

"ह्ये बी इटारसीचंच. पर ह्येला चाकं जास्त हायती."

"आरं, तू काशीला गेलतास का रेल्वेत भरती व्हाया?"

ओसरी हसली. सोपानरावांना ते लागलं. चिंचवडच्या घाटाची भानगड त्यांना कुणी सांगितलेली नव्हती, कारण त्यांच्या पोटात काही राहत नसे. "विंजनं ठेव बाजूला," ते गरजले. "सूनबाई, आत्याबाईचा फोटू आना!"

विमलनं फोटो आणला. पुण्याहून मोठा करून घेतलेला, पोरांच्या पाटीएवढा. सोपानरावांनी तो आधी स्वतःच्या कपाळाला लावला आणि मग मंडळींत सोडला. लोक हात धोतराला पुसून तो धरू लागले. कुणी नमस्कार केला. कुणी गंगेच्या पाण्याला बोट लावून ते डोळ्यांना लावलं. नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पानी मातूर दांडगं हाय."

"दांडगं म्हंजी? गंगाच ती," सोपानराव म्हणाले. "आपली पवना हिच्याम्होरं वढा."

यशवंत जमिनीकडं बघू लागला. उद्धवराव सुपारी निवडू लागले. सोजराबाईनं पदर सारखा केला. तिला वाटलं, निभावलं. आता फोटो एकदा भिंतीपलीकडच्या हातात जाऊन परत आला की झालं.

फोटो अंबूबाईच्या हातात गेला. तिनं सोजराबाईकडं पाहिलंच नाही. ती कडेला बघत होती. तिनं फोटो दाराच्या उजेडात नेला, जवळ घेतला, आणि सासरी गेलेल्या लेकीला हाक मारावी तशी म्हणाली, "चांदे!"

"कोन चांदी?" कुणीतरी विचारलं.

"माजी म्हस! मंजुळीला दिल्याली, गेल्या दिवाळीला. कपाळावर पांढरा टिळा, डावं शिंग खाली. ही बगा की!" अंबूबाईनं फोटो सगळ्यांसमोर धरला. "माज्या लेकीची चिंचवडातली म्हस काशीत काय करतीया?"

यशवंत चटकन पुढं झाला. "काकी, म्हशी काय, समद्या सारख्याच..."

याहून वाईट बोलणं त्याला सुचलं नसतं. "सारख्या? हातानं वाढवली तिला म्या! तुजी विंजनं न्हाईत ती!"

प्रत्येकजण मनातल्या मनात चिंचवडच्या घाटावर जाऊन आला. "म्हंजी घाट चिंचवडचा," नानासाहेबांनी निकाल दिला. आणि मागून कुणाचा तरी आवाज आला, "मंग बाई काशीला गेलतीच का न्हाई?"

तो प्रश्न ओसरीवरून माजघरात गेला आणि माजघरातून परसात. सकाळी पाया पडलेल्यांना आपली डोकी फुकट वाकल्यासारखी वाटू लागली. पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या त्या दोघी तर एकमेकींकडं बघून मान हलवायलाही लागल्या.

"गाढवा," सोपानराव लेकाला म्हणाले, "गावजेवान घातलंय म्या! काय केलंस ह्ये?"

"आबा, आत्या गेलती काशीला. मी बरूबर व्हतो."

"तू तर चांदीलाबी काशीला न्हेलंस," नानासाहेब म्हणाले. "तुजं काय इचारावं?"

विमलचं आणि आत्याबाईंचं आठवड्यातून दोनदा तरी वाजत असे, पण ती दारातून पुढं आली. "मामंजी, आत्याबाई खोटं बोलायच्या न्हाईत. गडू हायती की गंगंचे."

"गडू पुन्यात बी मिळत्यात," तिला तिथल्या तिथं उत्तर मिळालं.

सोजराबाई उठली. "ती चांदीच हाय," ती म्हणाली. "घाट बी चिंचवडचाच हाय. खरी काशी माज्या हातानं गेली." आणि तिनं सगळं सांगितलं. कोनाडा, तुळस, गुंडाळी, हळदकुंकू. या टोकापासून त्या टोकापर्यंत कसं वाहिलं तेही सांगितलं. ओसरी अशी हसली की नानासाहेबांना ठसका लागला. पण हसणं वेगळं आणि विश्वास वेगळा. सोजराबाईला ते कळत होतं.

अंबूबाई हसली नव्हती. "काय वन्सं," ती म्हणाली, "झ्याक रचलीय. काशी म्हनं हळदकुंकवात बुडाली! पुन्यात भाचीकडं किती दिस व्हता, त्ये सांगा की."

आता सगळे सावरून बसले. सोजराबाईची जीभ साऱ्या रहाटणीला ठाऊक होती. भिंतीच्या अलीकडून पलीकडं असं काही गेलं की परत काय येतं ते ऐकायला लोक हातातली कामं टाकून येत. सोजराबाईच्या ओठांवर उत्तर तयारही होतं. ते अंबूबाईच्या बापापासून सुरू होऊन तिच्या लग्नातल्या वरमाईच्या रुसव्यापर्यंत जाणार होतं. तिनं तोंड उघडलं.

आणि मिटलं.

काशीला गेलं की जिवाच्या आवडीचं काहीतरी गंगेत सोडून यायचं असतं. लोक चलाखी करतात. कुणी कारलं सोडतं, कुणी दोडका, ज्याच्याकडं एरवीही त्यांनी ढुंकून पाहिलेलं नसतं. सोजराबाईला देवाशी चलाखी करायची नव्हती. गंगेत उभं राहून तिनं स्वतःला खरंखरं विचारलं होतं, बाई, तुला सगळ्यांत काय आवडतं? मिश्री? चहा? पण ज्याच्यासाठी ती सकाळी हुरूपानं उठायची ते काही मिश्री नव्हतं. अंबूशी भांडण होतं. तिनं ते ओंजळीतनं सोडलं. तेव्हा सोपं वाटलं होतं. काशी रहाटणीपासून लांब आहे. परत आल्यावर भिंत होती तिथंच होती, आणि तेव्हापासून एकेक दिवस ढकलताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. आज तर नुसतं भांडण नव्हतं, काशीच पणाला लागली होती. तोंड उघडलं तर मान राहणार होता आणि मिटलं तर शब्द.

"व्हय बाई," सोजराबाई म्हणाली. "तू म्हनशील तसं." आणि ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला फार वाईट वाटत होतं.

"बगा, कबूल केलं!" नानासाहेब म्हणाले. सोपानरावांनी डोकं धरलं. दोघी-तिघी बायका पदर झटकून उठूही लागल्या.

"बसा गं खाली!" अंबूबाई ओरडली. ती दुसऱ्या वाक्याची वाट बघत थांबली होती आणि ते येत नव्हतं. ती उठून सोजराबाईपाशी आली. वन्सं कुठल्या कुठं गेलं. "सोजरे, परवा म्या कोंबड्या सोडल्या तुज्या वाळवनावर."

"बगितल्या."

"मुद्दाम सोडल्या व्हत्या."

"त्ये बी कळलं."

"मंग मला काय म्हनलीस?"

"काय न्हाई. हुसकल्या."

"आन् राखंची पाटी तुज्या दारात वतली, ती?"

"झाडली."

अंबूबाई तिच्या शेजारी बसली. तिचा चेहरा उतरला होता. "आन् मी म्हनते ही आजारी हाय का काय. रोज भित्तीला कान लावून बसते." मग हळूच, "काशीत काय सोडलंस गं?"

"सोडल्यालं सांगू नये."

"माजं नाव व्हतं त्यात?"

सोजराबाईनं पानसुपारीचं तबक तिच्यापुढं सरकवलं. तेवढं अंबूबाईला पुरलं.

"मला इचारल्याबिगर सोडलंस?" ती म्हणाली, आणि मग ताडकन उठून ओसरीकडं वळली. "ऐका रं समद्यांनी! ही बाई काशीला गेलती. खरीखुरी गेलती. एवढी वर्सं मी हिला वळखते. नवरा गेला तवा ही गप बसली न्हाई, पलेग आला तवा बसली न्हाई. हिला माज्याशी भांडायचं सोडाया लावील अशी ताकद पवनंत न्हाई. पुन्यात तर न्हाईच न्हाई. त्येला गंगाच लागती!"

ओसरीवर कुजबूज झाली. सगळ्यांचे डोळे नानासाहेबांकडं वळले, कारण भिंतीच्या त्या बाजूला राहून दोन्हीकडचं ऐकलेला माणूस तोच. नानासाहेबांनी बराच विचार केला. "घरात सामसूम हाय खरी," ते म्हणाले. "मला वाटलं मलाच कमी ऐकू याया लागलं." मग ते उठले, टोपी सारखी केली आणि सोजराबाईच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांच्यामागून सोपानराव वाकले, सख्खे थोरले भाऊ असून. उद्धवरावांनी सकाळी एकदा नमस्कार केला होता तरी परत केला. यशवंतनं कॅमेरा शोधला, पण नवा रोलही इंजिनांवर संपला होता.

माणसं पांगली. विमलनं ओसरी झाडली. अंबूबाई मात्र माजघरात तशीच बसून राहिली.

"परत धरता यील का गं?" तिनं विचारलं.

"गंगंत सोडल्यालं परत धरत न्हाईत."

"मंग मी काय करू आता? सुनंशी भांडायचं म्हनलं तर ती रडती. ह्येंच्याशी भांडायचं तर त्ये झोपत्यात." तिनं पदरानं नाक पुसलं. "दुसरं कायबी सोडायचं व्हतंस. चहा सोडायचा व्हतास."

आपण देवाला दिलं ते आपलं एकटीचं नव्हतंच, हे सोजराबाईला गंगेत कळलं नव्हतं, आत्ता कळलं.

"अंबू," ती म्हणाली, "भांडायचं सोडलंय म्या. ऐकायचं न्हाई सोडलं."

अंबूबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तिनं पदर कमरेला खोचला, घसा खाकरला आणि म्हणाली, "मंग ऐक, सोजरे." सोजराबाईनं पाट पुढं ओढला, भिंतीला पाठ लावली, आणि अंबूबाईनं लग्न होऊन आली त्या वर्षापासून सुरुवात केली.